सोलापूर ते डार्विन: बंद सीमा, दिल्लीचं हॉटेल आणि खोलीचं दार

आज जून २०२१, ऑस्ट्रेलियात डार्विनजवळच्या हॉवर्ड स्प्रिंग्जच्या क्वारंटाइन कॅम्पात आमचा अकरावा दिवस आहे, मी आणि माझी सात वर्षांची लेक. सोलापूर, लातूर, पुण्याकडचे बरेच जण अजून भारतातच अडकलेत आणि रोज कुणी ना कुणी फोन करून तेच विचारतंय, कसं गेलात, काय काय लागतं, दिल्लीच्या हॉटेलातच कोविडची लागण होते म्हणतात ते खरं का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. लांब होईल, पण दिल्लीच्या हॉटेलचा भाग तेवढा नीट वाचा.

बाबांची तब्येत बिघडली म्हणून जानेवारीत परवानगी काढून आम्ही मेलबर्नहून सोलापूरला आलो. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस, पण ती भरलीच नव्हती, होम मैदान मोकळं बघून कसंतरीच झालं. फेब्रुवारीत बाबा गेले. विजापूरहून अक्का आली आणि परत जायच्या दिवशी कळलं की कर्नाटकात शिरायला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट लागणार, मग रिपोर्ट येईपर्यंत ती इथंच. सोलापूर ते विजापूर शंभर किलोमीटर, भीमेचा पूल ओलांडला की धुळखेड, आणि तिथं माणसं कागद हातात घेऊन रांगेत. सीमा बंद होणं म्हणजे काय ते मला ऑस्ट्रेलियाच्या आधी तिथं समजलं.

आमचं परतीचं तिकीट मेच्या पहिल्या आठवड्याचं होतं. २७ एप्रिलला बातमी आली, ऑस्ट्रेलियानं भारतातून येणारी विमानं १५ मेपर्यंत बंद केली. ३ मेपासून तर दुसऱ्या देशातून फिरून गेलं तरी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड, असा नियम. स्वतःच्या घरी जाण्यासाठी कैद, हे आईला कितीही समजावलं तरी पटेना आणि मलाही आजपर्यंत पटलेलं नाही. तेव्हा नऊ हजारांच्या आसपास लोकांनी परत जायला ऑस्ट्रेलिया सरकारकडं नाव नोंदवलेलं होतं, त्यातल्या नऊशे जणांना अडचणीतले म्हणून आधी घेणार होते. तुमचं नाव अजून नोंदवलं नसेल तर आजच नोंदवा, घरातल्या प्रत्येकाचं वेगळं, लहान बाळाचंसुद्धा. मेल दिवसातून तीनदा बघा, स्पॅमसकट, कारण सीट आहे म्हणून कळवलं की उत्तर द्यायला फार वेळ नसतो.

१५ मेला पहिलं विमान डार्विनला उतरलं ते अर्धंच भरून. दीडशे सीट होत्या, आले ऐंशीच्या आसपास, कारण निघण्याआधीच्या टेस्टमध्ये चाळीसच्या वर माणसं पॉझिटिव्ह निघाली आणि त्यांच्या सोबतचे घरचे लोकही मागं राहिले. हे वाचलं आणि ठरवलं की सीट मिळणं हे अर्धंच काम, विमानात बसेपर्यंत दोघी निगेटिव्ह राहणं हे खरं काम. एकीला झालं की दुसरीही गेली नाही.

म्हणून निघायच्या आधी चौदा दिवस आम्ही दोघी माडीवर. दादा जिन्यात डबा ठेवायचा, वहिनी खालून हाक मारायची, भाजीला नाही, बँकेत नाही, मंगळवार पेठेत तर नाहीच. आईला निरोप द्यायचा तो अंगणातून, मास्क लावून. हे फार जड गेलं, खोटं कशाला सांगू. पण आईनंच बजावलं होतं, पाया वरूनच पड, जवळ येऊ नको.

दिल्लीला कर्नाटक एक्स्प्रेसनं गेलो आणि मुद्दाम स्लीपरनं. सगळे म्हणाले मे महिन्यात लेकराला घेऊन स्लीपर, वेड लागलंय का. पण एसीत काच बंद, बरीचशी तीच हवा फिरत राहणार, पांघरूण-पडदे तर रेल्वेनं तसेही बंद केलेत. स्लीपरमध्ये खिडकी उघडी असते. भुसावळच्या पुढं वारा तोंड भाजत होता, ओला पंचा गळ्यात, ओआरएसचं पाणी, आणि दोघींचे मास्क फक्त पाणी प्यायला आणि खायला खाली, तेही खिडकीकडं तोंड करून आणि आळीपाळीनं. तुम्हाला कुणी गाडी करून सोडणार असेल तर फारच चांगलं, पण मग ड्रायव्हरलाही मास्क आणि काचा खाली.

आता हॉटेल. उड्डाणाआधी दिल्लीत ठरवून दिलेल्या हॉटेलात राहायचं, तिथं आरटीपीसीआर, मग रॅपिड अँटिजेन, दोन्ही निगेटिव्ह तरच विमान. म्हणजे बघा, वेगवेगळ्या गावांहून आलेली माणसं एका छताखाली, त्यात कुणाच्या तरी अंगात विषाणू असणारच, अजून टेस्टमध्ये न दिसणारा. आणि लोक काय करतात, लिफ्टच्या बटणाला सॅनिटायझर मारतात पण मास्क हनुवटीवर. धोका बटणापेक्षा कॉरिडॉरमधल्या हवेत जास्त आहे. एसीच्या हॉटेलात कॉरिडॉरला खिडकी नसते, तिथली हवा कुंद होऊन तरंगत राहते. एकानं दार उघडलं की खोलीतली हवा बाहेर, समोरच्यानं उघडलं की ती आत.

हे माझ्या मनाचं नाही. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या क्वारंटाइन हॉटेलात २०२० च्या सप्टेंबरमध्ये हेच झालं, भारतातून गेलेल्याच प्रवाशांत. शेजारशेजारच्या खोल्या, बाराव्या दिवसाची टेस्ट दारातच, एक दार बंद झालं आणि पन्नास सेकंदांच्या आत शेजारचं उघडलं. माणसं समोरासमोर आलीच नाहीत. पर्थला याच एप्रिलमध्ये भारतातून आलेल्या जोडप्याकडून कॉरिडॉरपलीकडच्या मायलेकींना लागण झाली, एक माणूस तिथून विषाणू घेऊन मेलबर्नला गेला आणि पर्थला तीन दिवस लॉकडाऊन लागला. ॲडलेडला मेमध्ये जेवण उचलायला दोन दारं काही सेकंदांच्या अंतरानं उघडली, तोही माणूस मुदत पूर्ण करून निगेटिव्ह म्हणून मेलबर्नला घरी गेला आणि मग पॉझिटिव्ह निघाला. मे संपताना माझ्या शहरात परत लॉकडाऊन लागला तो त्याच साखळीतनं. त्या माणसाची काही चूक नव्हती, त्यानं फक्त जेवण उचललं.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगते. जेवणाची वेळ ही सगळ्यात वाईट वेळ, कारण ट्रे आले की सगळ्या मजल्याची दारं एकदम उघडतात. मी टकटक झाली की उठायचेच नाही, घड्याळ लावून वीस मिनिटं थांबायचे, मग लेकीला बाथरूममध्ये बसवून, मास्क लावून, दार उघडून ट्रे आत, झटकन बंद. अन्न गार व्हायचं. पण सोबत वहिनीनं दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणीचा डबा होता. कडक भाकरी महिनाभर टिकते, पाणी शिंपडलं की मऊ, त्यामुळं दोन वेळचे ट्रे आम्ही घेतलेच नाहीत. सोलापूरच्या माणसाकडं हे असतंच घरात, नक्की न्या. फक्त उरलेलं सगळं विमानात भरायला देतात त्या कार्डावर लिहा, लपवू नका, आणि पेढे-बर्फीसारखं दुधाचं मुळीच नेऊ नका, ऑस्ट्रेलियात त्यावर फार कडक आहेत.

खोलीची खिडकी उघडते का हे आधी विचारा, आमची चार बोटं उघडत होती तेवढी रात्रंदिवस उघडी ठेवली, एसी असून गरम झालं तरी. बाथरूमचा एक्झॉस्ट दार उघडायच्या आधी बंद करा, नाहीतर तो कॉरिडॉरची हवा आत ओढतो. दाराखालच्या फटीला ओला टॉवेल. लिफ्टऐवजी जिना. मास्क एन९५, व्हॉल्व्हवाला नको, कारण व्हॉल्व्हमधून तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो. मुलांसाठी लहान मापाचा शोधायला सोलापुरात दोन आठवडे गेले, आधीच मागवा. टेस्ट दारात घ्यायला आले तर शेजारच्या खोलीची झाल्यावर थोडं थांबून आमची घ्या अशी विनंती करा, आमच्याकडं आलेल्या मुलानं शांतपणे ऐकलं.

लेकीला थंडीत दमा उठतो, तिचा नेब्युलायझर मी घरीच ठेवला आणि डॉक्टरांना विचारून इन्हेलर-स्पेसर घेतला. नेब्युलायझरनं बारीक फवारा हवेत पसरतो, फेब्रुवारीत मेलबर्न विमानतळाच्या क्वारंटाइन हॉटेलात लागण पसरली तेव्हा अधिकाऱ्यांनी संशय त्यावरच घेतला होता. ज्याचा होता तो माणूस म्हणत होता की त्यानं आधी विचारून वापरलं, मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं. तुम्ही आपलं औषध आधी लेखी कळवून उत्तर जपून ठेवा.

अजून एक, खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा आगीचा जिना कुठं आहे ते बघून या. विजयवाड्यात २०२० च्या ऑगस्टमध्ये कोविड सेंटर केलेल्या हॉटेलला आग लागून माणसं गेली.

विमानात काही विशेष नाही, मास्क काढला नाही, खाल्लं नाही.

इथं मात्र वेगळंच आहे. गॅस प्रकल्पाच्या कामगारांसाठी बांधलेली वस्ती, बैठ्या खोल्यांच्या ओळी, प्रत्येक खोलीचा एसी वेगळा आणि दार उघडलं की कॉरिडॉर नाही, सरळ व्हरांडा आणि मोकळं आभाळ. जेवणाची पिशवी आली की लगेच दार उघडते, घड्याळ लावत नाही. पहिल्या दिवशी लेक व्हरांड्यात मास्क लावून बसली आणि पलीकडच्या व्हरांड्यातल्या आजीबाईंशी हात हलवून बोलली, दिल्लीनंतर तिला पहिल्यांदा कुणीतरी दिसलं होतं. शहरातल्या हॉटेलांऐवजी अशी ठिकाणं वर्षभरापूर्वीच सगळीकडं बांधली असती तर किती घरं वाचली असती असं सारखं मनात येतं.

खर्च: क्वारंटाइनचे एका माणसाला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००, विमानाचं वेगळं. बिल नंतर येतं, हप्त्यांचं विचारता येतं. सोबत घ्या: कपडे धुवायची दोरी, मुलांसाठी वह्या-रंग, एक्स्टेंशन वायर, महिन्याभराची औषधं चिठ्ठीसकट. आणि घरी आई-वडील एकटे राहणार असतील तर निघण्याआधी बँकेचं, गॅसचं, औषधाच्या दुकानाचं सगळं काम दादासारख्या कुणाकडं तरी सोपवून द्या. आईच्या कोविशिल्डचा दुसरा डोस बारा आठवड्यांच्या पुढं गेलाय, ती तारीख वहिनीनं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनानं लिहून ठेवलीय, तुम्हीही तसंच लिहून ठेवा.