फॉर्मवरचं 'नाही'

गुरुवार, रात्री उशिरा

जठराची बायोप्सी, वय ३४. काल लावलेला ई-कॅडहेरिन या प्रथिनाचा स्टेन, म्हणजे ते असेल तिथे तपकिरी उठणारा रंग, आज हातात आला. शेजारच्या निरोगी ग्रंथींच्या कडा छान तपकिरी उठल्या होत्या. मधे एकेकट्या विखुरलेल्या सिग्नेट रिंग नावाच्या कर्करोगाच्या पेशी, पोटात श्लेष्म भरून केंद्रक कडेला सारलेलं. त्या मात्र कोऱ्या.

हे प्रथिन पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. त्याचा जनुक सीडीएच१, गाठ होऊ न देणाऱ्या जनुकांपैकी. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. दुसरीही बंद पडली की पेशी सुटतात आणि ठसठशीत गाठ न करता भिंतीत पसरत जातात. दोन घावांची ही मांडणी अमेरिकी डॉक्टर नुडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या कर्करोगावरून केली होती.

नुसत्या कोऱ्या स्टेनवरून वारसा ठरत नाही, त्याला रक्ताची जनुकीय तपासणी लागते. पोटाचे बहुतेक कर्करोग वारशाचे नसतातच, एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूचा जुना दाह, तंबाखू, खारवलेलं खाणं यांतून टीपी५३सारखे गाठ रोखणारे जनुक हळूहळू बिघडतात. पण हे वय!

फॉर्मवर 'कुटुंबात कर्करोग: नाही' असं होतं. सर्जनना फोन केला, त्यांनी पेशंटच्या आईला पुन्हा विचारलं. मावशी चाळिशीच्या आत 'अल्सरने' गेली होती. मुलींची स्थळं मोडतील म्हणून घरात तो शब्दच कुणी काढला नाही. पुण्यात, शिकल्यासवरल्या घरांत हे सर्रास चालतं, आणि मला त्याचा संताप येतो.

न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात तरुण माणसं अशीच जात होती. त्यांनी आपण होऊन शास्त्रज्ञांना गाठलं, सगळी वंशावळ उघड केली, म्हणून १९९८ मध्ये सीडीएच१मधला दोष जगाला कळला.

दोष असलाच तर प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. दुर्बिणीची तपासणी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण वरचं अस्तर शाबूत असतं आणि या पेशी खाली दडलेल्या. म्हणून दोष सापडलेल्यांना आजार होण्याआधीच जठर काढण्याचा सल्ला देतात. बायकांना स्तनाच्या लोब्युलर (दूधग्रंथींतल्या) कर्करोगाचाही धोका असतो.

पेशंटला दोन धाकट्या बहिणी आहेत. रिपोर्टखाली जनुकीय समुपदेशनाची शिफारस घातली आहे. आधी पेशंटचं रक्त. त्यात दोष निघाला तर आई आणि दोघी बहिणींना बोलवायचं, असं सर्जनशी ठरलंय. आईची समजूत घालायला मीही जाणार आहे.