नॅनो फिनिश पहिल्याच धुण्यात का निघून जातं?

सुती पॉपलिनवर झिंक ऑक्साइडचं नॅनो फिनिश, म्हणजे ऊन अडवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं आवरण, चढवायचं असेल, तर सगळ्यात आधी आयोडीनची बाटली आणा. आपल्या इचलकरंजीत मागावर जाण्याआधी ताण्याला (उभ्या धाग्यांना) कांजी दिलेली असते. डिसायझिंगमध्ये, म्हणजे कांजी काढण्याच्या प्रक्रियेत, ती पुरती निघाली नाही, तर कण धाग्याऐवजी कांजीवर बसतात आणि तिच्याबरोबरच वाहून जातात. आयोडीनचा थेंब निळा पडला की तो माल परत डिसायझिंगला. पाण्याचा थेंबही पाच सेकंदांच्या आत जिरला पाहिजे.

सुताचा तंतू साधारण 15 मायक्रॉन जाड आणि कण 50 नॅनोमीटरचा, म्हणजे तंतूच्या तीनशेव्या भागाएवढा. म्हणूनच ऊन अडतं, पण कापडाचा स्पर्श फारसा बदलत नाही. गुठळ्या झाल्या की हा फायदा संपला. भुकटी स्वस्त पडते, पण ड्रममधल्या साध्या स्टिररने ती फुटत नाही, वर नाकात जाते ते वेगळंच. तयार डिस्पर्शनच घ्या, म्हणजे पाण्यात आधीच नीट विखुरलेले कण.

हिशेब असा. 40 टक्क्यांचं डिस्पर्शन बाथमध्ये (कापड बुडवायच्या द्रावणात) लिटरला 20 ग्रॅम घातलं, की घन पदार्थ 8 ग्रॅम. पिक-अप, म्हणजे कापड स्वतःच्या वजनाच्या किती टक्के द्रावण उचलतं ते प्रमाण, 75 टक्के धरला, तर 100 किलो कापड 75 लिटर बाथ पितं. म्हणजे 600 ग्रॅम झिंक ऑक्साइड, कापडाच्या 0.6 टक्के. सोबत कण कापडाला चिकटवणारा ॲक्रिलिक बाइंडर लिटरला 20 ग्रॅम. बाइंडर वाढवला की कापड कडक होतं आणि कणही त्याखाली झाकले जातात.

खरा घोळ बाथमध्ये होतो. कापड मऊ करणाऱ्या सॉफ्टनरच्या सवयीने बाथमध्ये ॲसेटिक ॲसिड ओतलं, की झिंक ऑक्साइड विरघळायला लागतं. उलट कापडात कॉस्टिक (तीव्र अल्कली) राहिलं आणि पीएच 9 च्या आसपास गेला, तर कणांवरचा विद्युतभार नाहीसा होऊन ते एकत्र येऊ शकतात. 7 ते 8 मध्ये ठेवा. बोअरचं जड पाणी नको, आणि ॲनायॉनिक (ऋणभारित) डिस्पर्शनमध्ये कॅटायॉनिक (धनभारित) सॉफ्टनर तर अजिबात नको. दही फुटल्यासारखा बाथ फुटतो. आधी काचेच्या बरणीत सगळं मिसळून अर्धा तास बघा. तळाशी साका दिसला तर ट्रफ (बाथची टाकी) भरू नका.

110 अंशांवर वाळवणं, मग 150 अंशांवर तीन मिनिटं क्युअरिंग, म्हणजे उष्णतेने बाइंडर पक्का करणं. स्टेंटरचे (कापड ताणून गरम हवेतून नेणाऱ्या यंत्राचे) चेंबर मिळून 24 मीटर असतील, तर गती मिनिटाला 8 मीटरच हवी. एवढं हळू चाललेलं कुणाला बघवत नाही, 25 वर गाडी पळवतात. मग क्युअरिंगला एक मिनिटही मिळत नाही. शिवाय मीटरवर दिसतं ते हवेचं तापमान, कापडाचं नव्हे. उलट फार तापवलं तर पांढरा माल पिवळा पडतो.

गडद, घट्ट विणीच्या कापडाला हा खर्च बहुधा वायाच. तिथे रंग आणि वीणच बरंचसं ऊन अडवतात. पातळ पांढऱ्या मालावर फरक दिसतो. यूपीएफ (कापड अतिनील किरण किती अडवतं त्याचा आकडा) मात्र नव्या तुकड्याचा मोजून भागत नाही, वीस धुण्यांनंतर पुन्हा मोजा.

उरलेला बाथ गटारात सोडू नका. जस्त माशांना घातक आहे, आणि पंचगंगा जवळच आहे. ट्रफ लहान घेतला तर मुळात उरतंच कमी.