एक जास्त भरतंय

जिल्हा परिषदेच्या शाळेत जूनच्या पहिल्या बैठकीत खाती वाटली जायची. सहल, क्रीडा, ग्रंथालय, अल्पबचत. जो मास्तर त्या दिवशी रजेवर, त्याच्या नावावर उरलेलं खातं. स्काऊट हे कायमचं उरलेलं. त्यात खाकी हाफपँट घालावी लागते आणि चाळिशीनंतर पोरांपुढं उघड्या पोटऱ्यांनी उभं राहायला कुणी राजी नसतं.

आमच्या हिंदीच्या सरांच्या गळ्यात हा स्कार्फ पडला तो मात्र हजर असताना. हेडमास्तरांचं म्हणणं सरळ होतं. स्काऊटची प्रार्थना हिंदीत, झेंडागीत हिंदीत, म्हणजे हे खातं हिंदीच्याच मास्तराचं. सरांना यावर उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ते बोलले नसते.

सर भित्रे होते. ही काही चहाडी नव्हे, ते स्वतःच सांगायचे. पाल, विंचू, वीज, सुटलेला बैल, विहिरीचा काठ. सायकलवरून उतरायलासुद्धा त्यांना ओटा लागायचा; ओटा दिसेपर्यंत ते पुढं जात राहायचे. असा माणूस आम्हा 24 पोरांना घेऊन येडशीजवळच्या रामलिंगच्या रानात मुक्कामाला निघाला, तेव्हा बसस्टँडवर पोचवायला आलेल्या आया आमच्यापेक्षा त्यांच्याकडंच जास्त काळजीनं बघत होत्या.

पण एक सांगतो. 'तयार रहो' हे स्काऊटचं ब्रीद कुण्या शूराला सुचलेलं असेल असं मला वाटत नाही. शूर माणूस कशाला तयारी करतोय? तो तसाच निघतो. सरांच्या पिशवीत दोन बॅटऱ्या होत्या, आणि तिसरी, त्या दोन्ही सापडल्या नाहीत तर शोधायला. सुतळी, हळद, तुरटी, मेणबत्त्या, काडेपेट्या प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी डब्यात. गाठी त्यांनी आमच्याआधी पंधरा दिवस घरच्या कपड्यांच्या दोरीवर घोटल्या होत्या. रीफ नॉट बांधताना बघावं: जीभ किंचित बाहेर, डावं उजव्यावर, उजवं डाव्यावर, मग दोन झटके देऊन परीक्षा. तंबूच्या खुंट्याला त्यांनी मारलेली क्लोव्ह हिचची गाठ रात्रभर सैल पडली नाही. पीटीच्या सरांचा तंबू आदल्या वर्षी पहाटे चार वाजता पोरांवर बसला होता.

पहिल्या दुपारी वानरांनी भाकरीचं गाठोडं नेलं. रामलिंगला जाऊन आलेल्या कुणालाही याच्यापुढं काही सांगायला नको.

तिथं फॉरेस्टचा एक गार्ड भेटला. अभयारण्य पुढं 1997 साली झालं, तेव्हा ते नुसतं बालाघाटातलं रान होतं. सरांनी त्याला विचारलं, "इथं वाघ नाही ना?" गार्ड म्हणाला, "तरस हाय, लांडगा हाय, मोर तर लई. वाघ कुठला आलाय मराठवाड्यात?" थोड्या वेळानं सरांनी परत विचारलं. संध्याकाळी परत. गार्ड हसला, आम्हीही हसलो. डिसेंबर 2024 मध्ये त्याच रानातल्या कॅमेऱ्यात वाघ आला. यवतमाळकडच्या टिपेश्वरातून चारशेहून जास्त किलोमीटर चालत आलेला. सर आता निवृत्त होऊन लेकाकडं लातूरला असतात. मी बातमी पाठवली. उत्तर आलं, "मी तेव्हाच विचारलं होतं."

रात्री ते दोन तंबूंच्या मधोमध बसून कबीराचे दोहे मोठ्यानं म्हणत. जनावर दूर राहतं, असं कारण सांगत. येडशीकडून बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळावरच्या गाडीची शिट्टी आली की दोहा मध्येच थांबायचा, आणि मग एकदम वरच्या पट्टीत सुरू व्हायचा. पुढं कधीतरी स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलांची एक हकिकत वाचनात आली. बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगला 217 दिवस वेढा पडला होता आणि काटेरी तार पुरेशी नव्हती. त्यांनी नुसते खांब रोवले आणि सैनिकांना हुकूम दिला की मधून जाताना तारेवरून पाय टाकल्यासारखं करा. लांबून बघणाऱ्या शत्रूला वाटलं, तार आहे. मला ते दोहे आठवले. आम्हाला तार नसल्याचं माहीत होतं, तरी आम्हीही पाय उचलून चालत होतो.

दुसऱ्या दिवशी मागोवा. चार पोरं पुढं जाऊन खुणा करणार: दगडांचा बाण म्हणजे इकडून, फुली म्हणजे इकडून नाही. बाकीचे सरांबरोबर मागं. धावडा, खैर, पळस करत आम्ही दोन टेकाडं ओलांडली आणि पाऊलवाटेवर सर थबकले. खड्यांचा सुबक गोल, आणि मधोमध एक पांढरी गारगोटी. स्काऊटच्या खुणांमधली ही शेवटची खूण, 'मी घरी गेलो'. केनियात न्येरीला बेडन-पॉवेलांच्या थडग्यावर हीच आहे, हे सरांनीच आम्हाला वर्गात सांगितलेलं. त्यामुळं त्यांचा चेहरा त्या गारगोटीसारखा झाला.

"कोण घरी गेलं?"

कुणी बोलेना. दहा पावलांवर दुसरा गोल. मग तिसरा. सर जवळजवळ पळतच पुढच्या चौघांपर्यंत गेले, सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि शिट्टी एकेकाच्या डोक्याला लावत मोजलं. मग उलट्या बाजूनं मोजलं. मग आम्हाला स्वतःहून आकडे म्हणायला लावले.

पंचवीस.

कमी भरले असते तर काय करायचं ते पुस्तकात होतं. जास्त भरल्यावर काय करायचं, ते नव्हतं. सर दगडावर बसले. शेवटी ओळीत मधोमध, गळ्यात नीट स्कार्फ घातलेलं एक पोरगं सापडलं, पायात चप्पल नाही. आमच्यातल्या एकानं ओंजळभर बोरांच्या बदल्यात स्कार्फ देऊन टाकला होता.

"कोण रं तू? काय करलालास इथं?"

"शेळ्या राखलालो की."

"आणि हे गोल?"

"ही पोरं एक मांडून मोडलाली होती. झाक दिसलालं, म्हणून मांडलं."

त्यानंच आम्हाला जवळच्या वाटेनं खाली आणलं. रात्री तो खिचडीला थांबला, शेकोटीला थांबला, आणि झोपण्यापूर्वीच्या मोजणीत पुन्हा रांगेत उभा राहिला. सरांनी शिट्टी त्याच्याही डोक्याला लावली आणि "पंचवीस, बरोबर" म्हणाले.

सकाळी त्याचा बाप शोधत आला. पोराबद्दल त्याची काही तक्रार नव्हती, "त्यो कुठं जातोय?" म्हणाला. पण एक शेळी कमी भरत होती. सरांनी चष्मा पुसला, शिट्टी काढली आणि त्याच्याबरोबर शेळ्या मोजायला उभे राहिले. शेळ्या ओळीत राहीनात, त्यामुळं बराच वेळ गेला. कमी भरणारी शेळी आमच्या तंबूत सापडली. सरांच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला रजेचा अर्ज ती खात होती. अर्ध्या उरलेल्या कागदावर 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' एवढं वाचता येत होतं. तारखेची जागा सरांनी मोकळी सोडली होती.