दोन मिक्सर एकाच घरी

रविवार, रात्री साडेदहा

आज पुण्याच्या जुन्या बाजारात पोचायला उशीर झाला, ते बरंच झालं. दुपार कलली की मंगळवार पेठेतल्या विक्रेत्यांना माल परत बांधायचा कंटाळा येतो आणि भाव आपसूक उतरतो. दुरुस्त करून विकायला दोन मिक्सर उचलले. त्यातला एक जुना सुमीत. साठच्या दशकात आपल्या वाटणाघाटणासाठीच निघालेली ही जात. उचलतानाच वजन सांगतं.

मी काही मोठा कारागीर नाही. पण बंद पडलेला मिक्सर उघडला की बहुतेक वेळा मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले निघतात, नाहीतर भांडं मोटरला जोडणारा कपलर तुटलेला. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत दोन्ही मिळून चहा-भज्यांच्या पैशात येतात. तेवढ्यासाठी माणसं अख्खं यंत्र भंगारात घालतात! पंख्याचंही तसंच. हळू फिरायला लागला की नवा आणायचा. गेलेला असतो बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

तरी पंखे विकणं मी बंद केलंय. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा नवा ३०-३५ मध्ये भागवतो. दिवसरात्र पंखा लागणाऱ्या घरात जुना खपवायचा म्हणजे वीजबिल त्यांच्या माथी मारायचं. मिक्सर दिवसाकाठी पाच-दहा मिनिटं फिरतो, त्याचं तसं नाही. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी अधूनमधून मीटरकडेही बघावं.

संध्याकाळी शेजारच्या इमारतीतल्या काकू आल्या. मागे माझ्याकडूनच मिक्सर नेला होता.

"काय झालं काकू, बिघडला का?"

"छे रे, झकास चाललाय. पण एवढ्या स्वस्तात देतोस, तर आणखी एक देऊन ठेव. असू दे माळ्यावर."

घ्या! एका माळ्यावरची वस्तू खाली काढायची, दुरुस्त करायची आणि दुसऱ्या माळ्यावर चढवायची, एवढ्यासाठी का मी हातात पाना घेतला? नव्याची हाव निदान ओळखू तरी येते. स्वस्ताची हाव जास्त चिवट, कारण ती काटकसरीचं सोंग घेऊन येते. जुन्या साड्या बोहारणीला देणाऱ्या आमच्या आजीकडेही शेवटी पातेल्यांची उतरंड लागलीच होती. एकही साडी वाया गेली नाही, हे मात्र तिचं म्हणणं खरं.

काकूंना दिला मिक्सर. सुमीत नाही, दुसरा. नुसता कपलर बदलायचा होता आणि तो घरात होता. आठशे रुपये आले. खोलीचं भाडं काही तत्त्वांवर भरता येत नाही.

सुमीतचं मोठं भांडं खालून गळतंय. सदाशिव पेठेत राहणाऱ्या, एमपीएससी करणाऱ्या एका मुलाने मिक्सर विचारलाय. मेसच्या भाजीला कंटाळलाय म्हणे, चटणीपुरता हवा. त्याला सांगितलंय, दोन दिवस थांब. उद्या तपकीर गल्लीत भांड्याच्या तळाचा बुश आणि वॉशर बघतो. नाहीच मिळाले तर बुधवारी पुन्हा बाजार आहे, तिथे याच मापाचं भांडं शोधतो.