शूची धार

आज बाळाची परत सोनोग्राफी. डाव्या किडनीत साठून राहणारं पाणी, म्हणजे लघवीच, 12 एमएमवरून 8 वर आलंय. उजवी पहिल्यापासून चांगलीच. बाहेर आल्यावर नवऱ्याने तिथेच जिन्यात बसून आईंना फोन लावला, मी मात्र अजून बाळाच्या पोटावरचं जेल दुपट्याने पुसत होते.

गरोदरपणात विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत 6 एमएम निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या की बऱ्याचदा आपोआप जातं, पण घरी येऊन मी रात्रभर मोबाईलवर नको ते वाचत बसले. त्यात एका मावशींनी 'पाणी कमी प्यायली असशील' असं सुनावलं. अहो मावशी, माझ्या पाण्याचा काय संबंध, किडनी आणि खालची नळी जिथे जोडली जाते तिथे अरुंदपणा असावा असा डॉक्टरांना संशय होता!

मुलगा की मुलगी हे आपल्याकडे सांगतच नाहीत, त्यामुळे जन्मल्यावर मुलगा म्हटल्याबरोबर पहिली सूचना आली की शूची धार बघा. मुलांमध्ये मूत्रमार्गात पडदा असू शकतो, मग थेंब थेंब होते. सोनोग्राफी मात्र चौथ्या दिवशी केली, कारण पहिले दोन दिवस बाळाला लघवीच कमी होते आणि किडनीची सूज खरी आहे त्यापेक्षा कमी दिसते. तोपर्यंत आमचं सगळं घर धार बघत बसलेलं, डायपर बंद, नुसती लंगोटं, आणि नवरा मोबाईल घेऊन पाळण्यापाशी, व्हिडिओ काढायला. तिसऱ्या दिवशी धार थेट आईंच्या नव्या साडीवर. त्या ओरडल्या आणि आम्ही दोघं टाळ्या वाजवतोय!!

बाळाच्या सहाव्या आठवड्यात पाणी 12 झालं तेव्हा मात्र पाय गळाले. मग किडनीचा स्कॅन, हाताला सुई लावून, बाळ रडून रडून झोपलं तेव्हा कुठे नीट झाला. दोन्ही किडन्यांच्या मिळून कामात डाव्या किडनीचा वाटा 48 टक्के निघाला म्हणजे जवळपास निम्मा, असायला हवा तेवढाच. पाणी हळू जातंय पण जातंय, म्हणून ऑपरेशन नको, फक्त लक्ष ठेवायचं. हे लक्ष ठेवणं फार वाईट काम आहे हो, औषध दिलं की निदान काहीतरी केल्यासारखं तरी वाटतं. साधा ताप आला की आधी लघवी तपासायची, तीही चिकटवायच्या पिशवीतली नको, त्यात बाहेरचे जंतू येतात, म्हणून नळीने घ्यायची. दोनदा झालं, दोन्ही वेळा सर्दीच निघाली.

पुढची तारीख सहा महिन्यांनी. आईंना 8 सांगितलं तर म्हणाल्या, बरं झालं, आता तरी त्याला डायपर घाला, माझ्या साड्या संपल्या.