डोळ्यांना भावलं, हाताला बोचलं

पिस्तुलाच्या पोलादी भागात हौशी माणसाला फारशी लुडबुड करता येत नाही, आणि करूही नये. त्याची हौस भागते ती ग्रिपवर, म्हणजे मुठीवर. 1911 म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिस्तुलाच्या मुठीला दोन्ही बाजूंनी एकेक पट्टी असते आणि प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू. चार स्क्रू काढले की जुनं रूप उतरलं, चार आवळले की नवं चढलं. काम इतकं सोपं म्हणूनच माझ्यासारख्यांच्या खणात पट्ट्या साठत जातात.

निवड अर्थातच डोळ्यांपासून सुरू होते. तेल पाजलेलं अक्रोडाचं लाकूड, त्यावर बारीक खाचांची जाळी आणि स्क्रूभोवती राखलेली चौकट आकाराची गुळगुळीत जागा. यापुढे मला शिंपल्याची चमचम अगदीच लग्नघरातली वाटते. हस्तिदंताची शान वेगळी होती, हे मान्य. अमेरिकन जनरल पॅटनने 1916 मध्ये घेतलेल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला हस्तिदंती मूठ होती, तीवर त्याची आद्याक्षरं कोरलेली. हत्तींच्या जिवावरची ती शान 1989 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीनंतर ओसरली, हे बरंच झालं. आता तो पिवळसर रंग राळेत ओतून मिळतो आणि फोटोत कुणालाही फरक कळत नाही.

हाताला मात्र फोटोशी देणंघेणं नसतं. दुकानात मूठ धरून पाहणं म्हणजे नवी चप्पल घालून आरशासमोर चार पावलं टाकणं. खरं काय ते पन्नासेक गोळ्यांनंतर कळतं. जाळीची टोकं फार अणकुचीदार असतील तर तळव्यावर तिचा लालसर ठसा उमटतो. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगरच्या कड्यामागे पोकळी असते; प्रत्येक धक्क्याला कडं मधल्या बोटाच्या पेरावर टणकन बसतं. ती पोकळी भरणारी ग्रिप दिसायला कितीही बोजड असली तरी ते बोट तिला दुवा देतं.

आराम म्हणजे मऊपणा, हा समज मला पटत नाही. मऊ रबर पहिल्या स्पर्शाला सुखावतं, धक्काही थोडा गिळतं. पण हाताला चिकटत असल्यामुळे पकड जराशी चुकली तर सरकवून दुरुस्त करता येत नाही. टणक लाकूड नेमक्या आकाराचं असेल तर दोन गोळ्यांच्या मध्ये मूठ पुन्हा सावरावी लागत नाही. माझ्या लेखी आराम तो एवढाच. बोटांसाठी आयत्या खाचा पाडलेल्या ग्रिपांशी तर माझं मुळीच जमत नाही. त्या खाचा ज्या बोटांसाठी पाडल्या, ती बोटं माझी नाहीत. करंगळी नेमकी दोन खाचांमधल्या उंचवट्यावर येऊन बसते.

गंमत म्हणजे सगळ्यात काटेकोर ग्रिप लागते ती 10 मीटरवरच्या नेमबाजीतल्या, जवळजवळ धक्काच न देणाऱ्या एअर पिस्तुलाला. तिची परीक्षा साधी आहे : पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करायची, लक्ष्याकडे हात उचलायचा, डोळे मिटायचे, खांदा सैल सोडायचा आणि डोळे उघडायचे. नेम धरायला नळीच्या टोकावर असलेली माशी पिस्तुलाच्या मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप आपली. दर वेळी ती एकाच बाजूला सरकलेली दिसली, तर मनगट पिळून ती मध्ये आणण्यात अर्थ नाही. चाळीसाव्या गोळीपर्यंत मनगट थकतं आणि माशी आपल्या जागी परत जाते. मग कानस निघते. अंगठ्याखालचं लाकूड थोडं घासायचं, तळव्याच्या खळग्यात पुट्टी भरायची, ओली असतानाच मूठ आवळायची, सुकली की पॉलिश पेपर, पुन्हा डोळे मिटायचे. तळव्याखालची सरकती पट्टी अर्धा मिलिमीटर वर-खाली केली तरी हात बोलतो. पट्टी फार घट्ट लावली तर बोटांना मुंग्या, सैल ठेवली तर पिस्तूल हातात डुलतं.

हौसेला नियमांचं कुंपणही आहे. स्पर्धेचं एअर पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलंच पाहिजे, मनगटाला टेकू मिळता कामा नये. 50 मीटरवरच्या ‘फ्री पिस्तूल’ या स्पर्धाप्रकारातल्या पिस्तुलाला ही पेटी नव्हती. त्याच्या ग्रिपा हाताला अशा वेढून घ्यायच्या की लाकडातून फक्त तर्जनी तेवढी बाहेर दिसायची. 2016 च्या रिओनंतर तो प्रकार ऑलिम्पिकमधून गेला आणि लाकूडकामाचा एक अफाट नमुना मोठ्या मंचावरून दिसेनासा झाला.

माझ्या एअर पिस्तुलाची ग्रिप आता ठिगळं लावल्यासारखी दिसते : तपकिरी लाकूड, मध्येच राखाडी पुट्टी, कानशीचे ओरखडे. पॉलिश करायचं मनात येतं, पण घामेजल्या हाताला तो खरखरीतपणाच धरून ठेवतो, म्हणून राहू दिलंय. रेंजवर कुणी ती धरून बघायला मागितली की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. अंगठा कुठे ठेवायचा हेच त्याला उमगत नाही. तो ती लगेच परत करतो आणि शेजारच्या अक्रोडाच्या 1911 कडे वळतो.