न्यूट्रलमध्ये सरकणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर आला तेव्हा मालक नवी क्लच प्लेट सोबत घेऊनच आले होते. तक्रार अशी की, गिअर न्यूट्रलला असतानाही ट्रॅक्टर पुढे सरकतो. चार दिवसांपूर्वी डिझेल लाइनमध्ये हवा धरून तो रस्त्यात बंद पडला होता आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने टोचन करून 12 किलोमीटर आणला होता. हवा काढल्यावर इंजिन सुरू झालं, पण ही नवी खोड लागली.

प्लेट चिकटली असती तर गिअर टाकून क्लच दाबला तरी ट्रॅक्टर ओढत राहिला असता. इथे नेमकं उलट होतं. क्लच दाबला की ट्रॅक्टर जागेवर थांबायचा, सोडला की मुख्य गिअर न्यूट्रलला असूनही सरकायचा. हाय-लो लिव्हर (वेग जास्त की जोर जास्त, हे निवडणारा दुसरा लिव्हर) लो मध्ये असताना सपाट जमिनीवर निघून जायचा, हाय मध्ये नुसता हिसका द्यायचा. म्हणजे गिअर न लागताच इनपुट शाफ्ट (क्लचकडून येणारा दांडा) मेन शाफ्टला (चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला) फिरवत होता.

(चाकं जॅकवर उचलून हे तपासू नये. तेल थंड असेल तर धडधाकट गिअरबॉक्समध्येही उचललेलं चाक हळूहळू फिरतं.)

मग आवाज ऐकला. पहिल्या तिन्ही गिअरमध्ये आणि रिव्हर्सला घरघर, चौथ्यात एकदम शांत. या 8+2 च्या (चार गिअर आणि एक रिव्हर्स, हाय-लो मुळे दुप्पट) स्लाइडिंग मेश बॉक्समध्ये, म्हणजे गिअर सरकवून दात जुळवायच्या बॉक्समध्ये, चौथा गिअर डायरेक्ट असतो, इनपुट आणि मेन शाफ्ट एकत्र लॉक होऊन फिरतात. इनपुटचं किंवा लेशाफ्टचं (इनपुटवरून फिरणाऱ्या खालच्या जोड-शाफ्टचं) बेअरिंग गेलं असतं तर थोडा तरी आवाज चौथ्यातही राहिला असता, आणि क्लचचं रिलीज बेअरिंग फक्त क्लच दाबल्यावर ओरडतं. दोन शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरतानाच ज्याला काम पडतं ते एकच, त्यांच्या सांध्यातलं पायलट बेअरिंग. तेच जाम होऊन मेन शाफ्टला ओढत असणार.

टोचन करताना लिव्हर कुठे होते, हे तेव्हा विचारलं. मुख्य लिव्हर न्यूट्रलला होता, हाय-लो मात्र लो मध्येच राहिला होता. हिशेब सोपा आहे. ताशी 20 किलोमीटरला मागचं चाक मिनिटाला सुमारे 85 फेरे घेतं. मागच्या क्राउन व्हील (मोठा गिअर) आणि पिनियनचं (त्याला फिरवणारा छोटा गिअर) गुणोत्तर साधारण 6 धरलं तर पिनियनला 500 च्या वर, आणि लो च्या चौपटीने मेन शाफ्टला 2000 च्या वर. इतका वेग त्या बेअरिंगला झेपतो, पण तेल असेल तरच. इंजिन बंद, म्हणून लेशाफ्ट थांबलेला, आणि बॉक्सच्या पुढच्या भागात तेल उडवतो तो लेशाफ्टच. क्राउन व्हील तेल उडवत राहतं, पण मागच्या मागे. हाय-लो सुद्धा मधल्या न्यूट्रलला ठेवला असता तर मेन शाफ्ट फिरलाच नसता.

ड्रेन प्लग काढला. चुंबकावर करडी मऊ पेस्ट असणं चालतं. इथे तिच्यात नीडलचे, म्हणजे पायलट बेअरिंगमधल्या सुईसारख्या रोलरचे, दोन तुकडे होते.

ट्रॅक्टर स्प्लिट करताना, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करताना, फ्रंट एक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकली. ती नसली तर इंजिनचा भाग कलंडतो, आणि घाईत लोक नेमकी तीच विसरतात. आत नीडल जळून निळ्या पडलेल्या आणि मेन शाफ्टच्या नाकावर (पुढच्या टोकावर) नखाला लागतील अशा खाचा. नीडल थेट त्या नाकावर फिरतात, त्यामुळे नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही, नवंही महिन्याभरात खाल्लं जातं. मेन शाफ्ट बदलला. इनपुट शाफ्टचं भोक मायक्रोमीटरने मोजलं, ते ठीक निघालं. दात एकेक करून पाहिले, तुटलेला तुकडा दातांत सापडला तर गिअरचा कोपरा उडतो.

या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक पंप त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून केसिंग डिझेलने धुऊन पंपाची जाळीही काढली. तिच्यात आणखी एक तुकडा अडकलेला होता. तो पंपात गेला असता तर पुढची तक्रार लिफ्ट उचलत नसल्याची आली असती.

नवं तेल डिपस्टिकच्या खुणेपर्यंत भरलं. 20-25 तास काम झाल्यावर प्लगचा चुंबक आणि जाळी पुन्हा काढून बघायची आहे. क्लच प्लेट मालक तशीच परत घेऊन गेले.